विश्लेषण : मुंबईच्या विहिरीत आंधळा मासा, मग पेडगावच्या विहिरीत काय असेल? दुर्मीळ भूजलजीव वाचवायचे कसे?

गुहेतल्या काळोखात राहणारे, डोळे नसलेले मासे म्हटले की आपल्याला मेक्सिको किंवा युरोप आठवतो. महाराष्ट्रात गुहा म्हणजे वेरूळ-अजिंठ्याची लेणी, आणि तिथे मासे नाहीत. त्यामुळे हा विषय आपला नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण अशा जातीचा एक मासा थेट मुंबईत सापडला आहे. तो गुहेत नव्हता, विहिरीत होता.

ही एकच गोष्ट परभणी तालुक्यातल्या पेडगावपासून कोकणातल्या शेवटच्या वाडीपर्यंत सगळ्यांना लागू पडते. आपल्याकडे जमिनीखालच्या जीवसृष्टीत डोकावायची खिडकी म्हणजे विहीर. आणि या खिडक्या आपण वेगाने बुजवत आहोत. हे जीव कोणते, ते कुठे राहतात, त्यांचा आपल्या पिण्याच्या पाण्याशी काय संबंध आणि त्यांना वाचवण्यासाठी ग्रामपंचायत पातळीवर काय करता येईल, ते समजून घेऊ.

भूजलजीव म्हणजे नेमके काय?

जमिनीखालच्या पाण्यातच जन्मणारे, तिथेच वाढणारे आणि तिथेच मरणारे प्राणी म्हणजे भूजलजीव. यात मासे मोजकेच. जगभरात गुहांत आणि भूजलात राहणाऱ्या माशांच्या तीनशेच्या आसपास जाती माहीत आहेत. खरी गर्दी आहे ती कोळंबी-खेकड्यांच्या दूरच्या नातलगांची. यातले बरेचसे एक-दोन मिलिमीटरचे, पारदर्शक, आंधळे आणि लांबट असतात. वाळूच्या दोन कणांमधल्या फटीतून सरकता यावे, अशीच त्यांची बांधणी असते.

जमिनीखाली उजेड नाही, म्हणजे वनस्पती नाही, म्हणजे अन्नही जवळपास नाही. वरून पाण्यासोबत झिरपणारा पालापाचोळ्याचा अंश आणि खडकाच्या पृष्ठभागावर वाढणारा जिवाणूंचा थर, एवढ्यावर सगळा संसार. त्यामुळे इथल्या प्राण्यांनी खर्चात कपात केली आहे. डोळे लागत नाहीत, ते गेले. रंग लागत नाही, तोही गेला. हालचाल कमी, पिल्ले कमी आणि आयुष्य मात्र लांब.

स्लोव्हेनियाच्या गुहांतला 'प्रोटियस' हा उभयचर प्राणी याचे टोकाचे उदाहरण. तो शंभर वर्षांपर्यंत जगू शकतो असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे आणि त्याची मादी साधारण बारा वर्षांतून एकदा अंडी घालते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर एक प्रोटियस २,५६९ दिवस, म्हणजे सात वर्षे, एकाच जागी आढळला. इतक्या संथ लयीत जगणाऱ्या प्राण्याची संख्या एकदा घटली की ती भरून यायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात. संवर्धनाच्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

महाराष्ट्रात असे जीव कुठे सापडले?

तीन ठिकाणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले महाबळेश्वर. तिथल्या 'रॉबर्स केव्ह' या गुहेतून दोरीसारख्या अंगाच्या एका माशाची नोंद सायलस आणि डॉसन या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये केली. वरवर पाहिले तर तो साप किंवा गांडूळच वाटावा. दलदलीत आणि जमिनीखाली राहणाऱ्या ईलसदृश माशांच्या कुळातली ही जात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ती 'असुरक्षित' गटात नोंदवली गेली आहे.

दुसरे आंबोली. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी तालुक्यात, हिरण्यकेशी नदी जिथे डोंगरातून बाहेर पडते तिथे महादेवाचे मंदिर आहे आणि समोर कुंड आहे. त्या कुंडातल्या लोच प्रकारच्या एका छोट्या, रंगीत माशाची 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही नवी जात जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यन यांनी २०२० मध्ये जाहीर केली. हा मासा आंधळा नाही आणि पूर्णपणे गुहेतलाही नाही. पण त्याचे सगळे अस्तित्व जमिनीतून येणाऱ्या एका झऱ्यावर उभे आहे. झरा आटला किंवा बिघडला, तर जातीचे भवितव्यच धोक्यात.

तिसरे आणि या विषयाच्या केंद्रस्थानी असलेले ठिकाण म्हणजे मुंबई. हिरण्यकेशीनंतर थोड्याच काळात जोगेश्वरी भागातल्या एका विहिरीतून ईलसदृश माशाची आणखी एक जात समोर आली. हा मासा पूर्ण आंधळा. नाव 'राक्थामिक्थिस मुंबा'. नावाचा पहिला भाग 'रक्त' या शब्दावरून आला आहे, कारण या गटातले मासे तांबडे-लालसर असतात. दुसरा भाग मुंबाआईवरून. उत्तर सह्याद्रीच्या पट्ट्यातून नोंदला गेलेला भूजलातला हा पहिला पूर्ण अंध मासा.

दोन कोटींच्या आसपास लोकवस्तीच्या महानगरात, इमारती, रस्ते आणि मेट्रोच्या खाली, एक अख्खी जात आजवर कुणाच्या नजरेस न पडता राहत होती. ती समोर आली याचे कारण तिथे एक उघडी विहीर शिल्लक होती.

पुण्याचा मासा बस्तरच्या गुहेत कसा?

खरीखुरी गुहा आणि तिच्यातला मासा पाहायचा तर महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे छत्तीसगडच्या बस्तरमध्ये जावे लागते. कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानातली कोटमसर गुहा चुनखडीची आहे. तिच्या काळोख्या डबक्यांत लोच प्रकारचे छोटे मासे राहतात. त्यांचा रंग फिका आणि डोळे लहान झालेले आढळतात.

गंमत अशी की हे मासे ज्या जातीचे म्हणून अभ्यासले गेले, त्या 'इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी'चे मूळ गाव पुणे. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यांवरून या जातीची नोंद केली होती. म्हणजे सह्याद्रीच्या ओढ्यात उजेडात राहणारा मासा आणि बस्तरच्या गुहेतला फिका मासा हे जवळचे नातलग. ओढ्यातला साधा मासा जमिनीखाली अडकला तर पिढ्यान् पिढ्यांत त्याचे काय होते, याचा हा चालू असलेला प्रयोगच म्हणायचा.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग मात्र चुनखडीचा नाही, बेसाल्टचा आहे. चुनखडी पाण्यात विरघळते म्हणून तिच्यात गुहा तयार होतात. बेसाल्ट तसा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे मोठ्या नैसर्गिक गुहा कमी आणि पाण्याने भरलेल्या बारीक भेगा जास्त.

मग पेडगावच्या काळ्या पाषाणात जागा आहे का?

इथे पेडगाव म्हणजे श्रीगोंद्याजवळचे, बहादूरगडाचे नव्हे. परभणी तालुक्यातले, रेल्वेमार्गावरचे. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावाचे उदाहरण घेता आले असते, कारण जमिनीखालची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. विहीर खोदणाऱ्याला हे थर तोंडपाठ असतात. वर काळी माती, मग मुरूम, मग फुटका खडक, मग घट्ट काळा पाषाण आणि कुठे कुठे दोन थरांच्या मधला तांबडा पट्टा. पाणी राहते ते मुरमात, फुटक्या खडकात, लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी ठेवलेल्या पोकळ्यांत आणि दोन थरांच्या सांध्यात. घट्ट पाषाणात जवळपास नाहीच.

सोप्या भाषेत सांगायचे, तर आपले भूजल म्हणजे मोठी टाकी नाही, तर एकमेकींना कुठे जोडलेल्या आणि कुठे तुटलेल्या बारीक नळ्यांचे जाळे आहे. या नळ्यांत हातभर मासा मावेल अशी जागा क्वचितच. पण मिलिमीटरभर लांबीच्या कवचधारी जीवाला ती पुरेशी आहे. पेडगावात शोध घ्यायचा तर आंधळ्या माशाच्या आधी या चिमुकल्यांचा घ्यायला हवा.

ही अपेक्षा हवेतली नाही. कृष्णा-गोदावरीच्या खालच्या भागात, आंध्र प्रदेशात, आचार्य नागार्जुन विद्यापीठातले वाय. रंगा रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विहिरी, बोअरवेल आणि नदीच्या वाळूतून अशा जीवांच्या अनेक नव्या जाती उजेडात आणल्या. त्यातली 'बोगिडिएला इंडिका' ही जात २००६ मध्ये आग्नेय भारतातल्या विहिरींतून नोंदली गेली. परभणी जिल्हाही गोदावरीच्याच खोऱ्यात येतो.

याहून जुने उदाहरण काशीचे. १९५० मध्ये बनारसच्या विहिरींतून 'निकोल्सिया काशिएन्स' या आंधळ्या जीवाची नोंद झाली. तो ज्या गटातला आहे, त्या गटाचे बाकीचे नातलग प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत आहेत. भारत, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका एकाच भूखंडाचा भाग होते तेव्हापासूनचा हा वारसा. जमिनीवर हवामान बदलले, जंगले आली-गेली, डायनोसॉर संपले; खाली मात्र तापमान जवळपास स्थिर राहिले आणि ही घराणी टिकून राहिली. म्हणूनच भूजलाला प्राचीन जीवांचे आश्रयस्थान म्हणतात.

केरळला जे जमले, ते कसे जमले?

भारतात या विषयात केरळ सगळ्यांच्या पुढे आहे. तिथे जवळपास प्रत्येक घराच्या परसात विहीर आहे आणि खाली जांभा खडक आहे, ज्याला स्पंजासारखी छिद्रे असतात. आपल्या कोकणातही हाच खडक आहे.

केरळमधल्या आंधळ्या, लालबुंद, बोटभरही लांब नसलेल्या मांगूरसदृश 'होराग्लानिस' माशाची पहिली जात १९५० मध्ये नोंदली गेली. पण पुढची मजल गाठली ती सामान्य लोकांमुळे. घरातल्या नळातून किंवा विहिरीच्या बादलीतून काहीतरी लाल, वळवळणारे आले, की लोक फोटो काढून शास्त्रज्ञांना पाठवू लागले. २०१९ मध्ये जाहीर झालेला 'इनिग्माचन्ना गॉलम' हा भूजलातला मासा २०१८ च्या पुरानंतर भातशेतात दिसला होता. त्याच्यासाठी पुढे माशांचे स्वतंत्र कूळच तयार करावे लागले. २०२२ मध्ये नोंदलेल्या एका लोच माशाचे नावच 'पँजिओ पाताळ' आहे.

२०२३ मध्ये राजीव राघवन, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी 'होराग्लानिस'ची चौथी जात जाहीर केली, तेव्हा तिचे नाव ठेवले 'पोप्युली', म्हणजे 'लोकांची'. सहा वर्षे चाललेल्या लोकसहभागाला दिलेली ही पावती होती.

केरळच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. या जीवांचा शोध प्रयोगशाळेत सुरू होत नाही. रोज विहिरीवर जाणाऱ्या माणसाला आपण काय पाहतोय हे कळले, तिथे तो सुरू होतो. आपल्याकडे बादलीत वळवळणारे काही आले तर बहुतेक वेळा ते 'किडे' म्हणून फेकले जाते आणि विहिरीत पावडर टाकली जाते.

या जीवांचा आपल्याला काय उपयोग?

हा प्रश्न गैर नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला मिलिमीटरभर जीवाचे कौतुक सांगताना उत्तर तयार हवे.

पाणी शुद्धीकरणात वाळूची संथ गाळणी वापरतात. तिच्यात वाळूच्या कणांवर जिवाणूंचा थर तयार होतो आणि तो पाण्यातली घाण खातो. पण हा थर वाढत गेला तर गाळणी तुंबते. जमिनीखालीही हेच घडते. खडकाच्या भेगांत जिवाणूंचा थर असतो, तो झिरपलेल्या पाण्यातले सेंद्रिय पदार्थ खातो आणि भूजलजीव त्या थरावर चरतात. त्यांच्या खाण्याने आणि सरपटण्याने फटी मोकळ्या राहतात, थर ताजा राहतो. ही गाळणी वीज घेत नाही आणि तिचे बिलही येत नाही.

दुसरा उपयोग इशाऱ्याचा. हे जीव स्थिर वातावरणाला सरावलेले असल्याने रसायने, ऑक्सिजनची घट किंवा सांडपाणी यांचा त्यांना लवकर त्रास होतो. पूर्वी भूजलजीव सापडत असलेल्या विहिरीत ते मिळेनासे झाले, तर तो पाणी तपासून घेण्याचा इशारा समजावा. मात्र उलटे गृहीत धरू नये. जीव आहेत म्हणून पाणी पिण्यायोग्य आहे, असे नाही. त्यासाठी तपासणीच हवी.

धोका नेमका कशाचा?

पहिला धोका खोल बोअरवेलचा. साधी विहीर वरच्या, फुटक्या खडकातले पाणी वापरते. बोअर घट्ट पाषाण भेदून खालच्या थरात जाते. नीट आवरण-पाइप घातलेला नसेल तर वरच्या थरातले पाणी त्याच भोकातून खाली उतरते. वरचा थर कोरडा पडतो. नेमका हाच थर भूजलजीवांचा, कारण अन्न आणि ऑक्सिजन वरून येतात. पाण्याची पातळी खाली गेली की त्यांनीही खाली जावे, असे होत नाही. मध्ये घट्ट पाषाणाची भिंत असते.

दुसरा धोका खते आणि सांडपाण्याचा. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत ती ओलांडलेली आढळली. हा प्रश्न माणसाच्या आरोग्याचा आहेच, पण जमिनीखालच्या गाळणीचाही आहे.

तिसरा धोका नाजूक आहे, कारण तो आरोग्याच्या चांगल्या हेतूने येतो. सार्वजनिक विहिरीत टीसीएल पावडर टाकणे हे साथरोग रोखण्यासाठी आवश्यक काम आहे. त्यातला क्लोरीन जंतू मारतो, तसाच छोट्या कवचधारी जीवांनाही मारतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी मासे अळ्यांसोबत हे जीवही फस्त करू शकतात.

हा पेच नवा नाही. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला. डासांची पैदास विहिरींत होते, हे लक्षात आल्यावर शहरातल्या विहिरी झाकण्याची आणि बुजवण्याची मोहीम निघाली. हिवताप खरा होता आणि माणसे मरत होती, त्यामुळे त्या निर्णयाला आज नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण बुजवलेल्या त्या विहिरींच्या तळाशी आणखी किती 'मुंबा' होते, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

चौथा धोका हाच : विहीर बुजवणे. नळयोजना आली, बोअर लागले, की जुनी विहीर आधी कचराकुंडी होते आणि मग भराव टाकून प्लॉट.

कायदा संरक्षण देतो का?

देतो, पण वापरला तर.

आंबोलीचे उदाहरण यासाठीच महत्त्वाचे. शिस्टुरा हिरण्यकेशीचा शोध ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि मार्च २०२१ च्या अखेरीस राज्य सरकारने मंदिर परिसरातले २.११ हेक्टर क्षेत्र 'जैवविविधता वारसा स्थळ' म्हणून जाहीर केले. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ नुसार राज्य सरकारला स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून असे क्षेत्र घोषित करता येते. शोध ते संरक्षण, सहा महिन्यांच्या आत. सरकारी कारभारात हा वेग दुर्मीळच.

मात्र आंबोलीचे कुंड लोकांसाठी पूजनीय होते, मालकीचा वाद नव्हता आणि मासा डोळ्यांना दिसत होता. शेतातल्या विहिरीचे तसे नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या चौकटीत जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क मानला जात आला आहे. म्हणजे दुर्मीळ जीव कुणाच्या विहिरीत सापडला, तर त्याचे भवितव्य बऱ्याच अंशी त्या शेतकऱ्याच्या मर्जीवर.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ हा २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींवर निर्बंध आहेत. गावात बोअरची चर्चा किती फुटांपासून सुरू होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. हा नियम पाळला गेला तर माणसांसाठीचे पाणी आणि खालची जीवसृष्टी, दोन्ही वाचतात.

बाहेरच्या जगात काय चालते? पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीला परवानगी देताना जमिनीखालच्या जीवांचे सर्वेक्षण मागितले जाते. तिथल्या वाळवंटी भागात जवळजवळ प्रत्येक भूजलसाठ्यात आंधळ्या पाणभुंग्यांची वेगळी जात सापडते. म्हणजे एक साठा संपला की एक जात संपली. आपल्याकडे भूजलाचे नियमित मोजमाप होते ते पातळी आणि रसायनांचे.

परभणीच्या बारवा इथे कुठे येतात?

परभणी जिल्हा बारवांसाठी ओळखला जातो. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आता राज्यभर माहीत झाली आहे. पिंगळी आणि चारठाण्याच्या बारवाही अभ्यासकांना परिचित आहेत. अशा बारवांतला गाळ-कचरा गावकऱ्यांनी श्रमदानातून काढला, ही अभिमानाची बाब आहे.

जीवशास्त्राच्या नजरेने पाहिले तर शेकडो वर्षे उघडी असलेली आणि भूजलाला भिडलेली बारव म्हणजे आयते निरीक्षण केंद्र. पाण्यापर्यंत पायऱ्या उतरून जाता येते, हा सर्वेक्षणाच्या दृष्टीने मोठाच फायदा. फक्त साफसफाई करताना तीन पथ्ये पाळली तर स्थापत्याबरोबर जीवसृष्टीही वाचेल. पाणी एकदम पूर्ण उपसू नये. झऱ्यांची तोंडे सिमेंटने लिंपू नयेत. आणि गाळ टाकून देण्याआधी त्याचा आणि पाण्याचा नमुना प्राणिशास्त्राच्या जाणकाराला दाखवावा.

मग गावाने करायचे काय?

यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ते एक जाळे. बारीक जाळीचे, शंकूच्या आकाराचे आणि तळाला वजन व छोटी बाटली लावलेले जाळे विहिरीच्या तळापर्यंत सोडायचे, थोडे हलवायचे आणि हळूहळू वर ओढायचे. असे काही वेळा केले की बाटलीत जे जमते ते भिंगाखाली पाहायचे. जगभर भूजलजीवांचे प्राथमिक सर्वेक्षण असेच होते. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना हा प्रकल्प सहज झेपेल. मराठवाड्यातल्या बहुसंख्य गावांतल्या विहिरींत असे जाळे अजून पडलेलेच नाही.

कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. त्या नोंदवहीत गावातल्या जुन्या विहिरी, बारवा आणि झरे आणि त्यांत दिसलेले जीव यांची पाने जोडता येतील. नोंद असेल तर विहीर बुजवायच्या आधी निदान प्रश्न तरी विचारला जाईल.

शुद्धीकरणाचा पेचही सुटण्यासारखा आहे. जिथे नळयोजना आहे तिथे क्लोरीनची मात्रा विहिरीऐवजी जलकुंभात द्यावी. माणसांना सुरक्षित पाणी मिळते आणि विहिरीतली जीवसृष्टीही टिकते. जिथे लोक थेट विहिरीचे पाणी पितात तिथे पावडर टाकावीच लागेल. तिथे माणसाचे आरोग्य पहिले. पण पिण्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या गावातल्या एक-दोन जुन्या विहिरी पावडर, गप्पी मासे आणि कचरा यांपासून मुक्त ठेवता येतील. पडीक विहिरीला कठडा, वर डास रोखणारी जाळी आणि बाजूला फलक, एवढे केले तरी पुरे. डासांचा प्रश्न जाळीने सुटतो, भराव टाकायची गरज नाही.

आणि नळातून किंवा बादलीतून काही अनोळखी वळवळणारे आलेच, तर? ते त्याच विहिरीच्या पाण्यात एका भांड्यात ठेवा, पांढऱ्या बशीत घेऊन स्पष्ट फोटो काढा, तारीख आणि विहिरीची खोली लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा. नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नका. एका विहिरीपुरत्या उरलेल्या जातीला हौशी संग्राहकांची एक फेरीही जड जाऊ शकते.

'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण आपण सगळेच वापरतो. माहीत असून माहीत नसल्यासारखे करायचे, असा तिचा अर्थ. भूजलाच्या बाबतीत आपण नेमके हेच करत आलो आहोत. पाणी संपते हे माहीत आहे, बोअर खोल जाते हे माहीत आहे, विहिरी बुजतात हेही दिसते आहे. त्या पाण्यात कुणीतरी राहते, हेही आता मुंबईच्या विहिरीने दाखवून दिले आहे. पेडगावच्या एखाद्या जुन्या विहिरीत जाळे सोडायला खर्च येईल तो एका दुपारचा. विहीर बुजवल्यानंतर तोच शोध कोणत्याही किमतीला घेता येणार नाही.